ऊर्मीच्या पट्ट्यावरचे डोंगर

डोंगर नुसता चढतच होता, उतरायचं नाव घेत नव्हता. चुकलं कुठे, हे ऊर्मीला काही केल्या कळेना.

मंगळावरच्या त्या वस्तीत एक रीत होती. बाहेर पडताना सगळ्यांचे अवकाशपोशाख सारखेच, त्यामुळे धूळ उठली की कोण कुठलं ते समजत नसे. म्हणून पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्याला घरातल्या सर्वांत लहान माणसाने स्वतः विणलेला कमरपट्टा बांधायचा आणि त्यावरची नक्षी दुसऱ्या कोणाचीही नसावी. ऊर्मीची आई खडकांची अभ्यासक. उद्या सकाळी तिची पहिली फेरी होती. पट्टा झाला नाही तर तिला पाहुण्यांचा करडा पट्टा बांधावा लागणार होता, आणि करडे पट्टे धुळीत दिसतच नाहीत.

विणायचं साधन तसं सोपं. चौकोनी पत्त्यांचा एक गठ्ठा. प्रत्येक पत्त्याच्या चार कोपऱ्यांना चार भोकं आणि प्रत्येक भोकात एक धागा. हे सगळे धागे म्हणजे ताणा (लांबीच्या दिशेने ताणलेले धागे). पत्ते एकदम पाव फेरी फिरवले की धाग्यांमध्ये फट पडते. त्या फटीतून बाणा (आडवा धागा) घालायचा, मग पुन्हा पाव फेरी. जो धागा वर येईल त्याचा रंग दिसतो.

नक्षी ऊर्मीने चौकटीच्या कागदावर स्वतःच आखली होती. एका पत्त्याला एक रांग आणि रांगेत भोकांइतकी चार घरं. पहिल्या पत्त्याच्या पहिल्या घरात निळा, पुढच्याच्या दुसऱ्या घरात निळा, असा रंग एकेक घर सरकत गेला. बाकी सगळं पांढरं. त्यातून तिरकी चढण छान उमटली. उतार मात्र येईना. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, पत्त्यांच्या मागे धाग्यांना इतका पीळ पडला की पत्ते फिरेनात.

"कापून टाकते सगळं," ती रडवेली होऊन म्हणाली.

सुताच्या कोठारात काम करणारा गुंड्या नावाचा यंत्रमानव शेजारीच रिळं लावत होता. पोरीचा चेहरा पाहून तो थांबला.

"ऊर्मीताई, पत्ते मागे फिरवून पाहिलेत का?"

"मागे फिरवलं की विणलेलं उसवतं ना."

"असं कोणी सांगितलं?"

सांगितलं कोणीच नव्हतं. वस्तीतल्या सगळ्या पोरांचा तसा समज होता, एवढंच.

"प्रत्येक पाव फेरीनंतर तुम्ही बाणा घातलाय," गुंड्या म्हणाला. "त्याने विणलेलं घट्ट धरलंय, ते कुठे जात नाही. आता सांगा, पुढे फिरवताना धागे कसे वर आले?"

"एक, दोन, तीन, चार."

"आणि मागे फिरवले तर?"

ऊर्मीने पत्ते अलगद मागे फिरवले आणि बाणा घातला. पुन्हा मागे, पुन्हा बाणा. चार, तीन, दोन, एक. निळी रेघ वळली आणि खाली उतरू लागली. मागचा पीळही हळूहळू सुटत होता, कारण जितका पुढे भरला तितकाच मागे उलगडायचा. दोन अडचणींवर एकच उपाय होता आणि तो तिच्या हातातच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मग चार वेळा पुढे, चार वेळा मागे असं करत तिने पट्टा पुरा केला.

सकाळी आईने तो कमरेला लावून पाहिला. "अगं, पहिला डोंगर फारच मोठा आहे."

"तिथे मी शिकत होते," ऊर्मी म्हणाली. आईने तिला पोटाशी धरलं.

दार उघडलं, आई इतरांबरोबर बाहेर पडली आणि धूळ उठली. सारख्याच पोशाखांतली माणसं काचेपलीकडे धूसर झाली. गुंड्याबरोबर आत उभ्या असलेल्या ऊर्मीने काचेला नाक लावलं. तेवढ्यात त्या तांबूस पडद्यामागे एक निळी रेघ चढली, उतरली, पुन्हा चढली.

"ती बघ माझी आई," ती गुंड्याला म्हणाली. रेघ दिसेनाशी होईपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग हळूच विचारलं, "अर्धे पत्ते पुढे आणि अर्धे मागे फिरवले तर काय होईल रे?"

"मला ठाऊक नाही," गुंड्या म्हणाला. "आई येईपर्यंत करून बघू."