ओल्या मुरमावरचे माग

सकाळी अकराच्या सुमाराला मुकादम ज्ञानू वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात धावत शिरला. सायकल त्यानं बाहेर तशीच टाकली होती.

"साहेब, विंझरच्या पुढं मोटारीनं बाई उडीवली. आमच्या कामावरची."

"जिवंत आहे?"

"न्हाई. जागच्या जागी गेली."

फौजदार सावळाराम ओव्हाळांनी टोपी उचलली. "मोटार पळाली का?"

"न्हाई, हुबी हाय. गिरणीवाल्या नानांची हाय."

१९७१ चा फेब्रुवारी होता. विंझरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. आदल्या दिवशी मुरूम पसरला होता, त्या सकाळी पाणी मारून रोलर फिरवला होता. बैलगाड्या शेतातून वळवल्या होत्या. विंझरच्या बाजूला रस्त्याच्या डाव्या कडेला बांबू रोवून लाल निशाण लावलं होतं.

बांबू मोडून पडला होता. निशाण मुरमात रुतलं होतं.

तिथून पुढं दोनशे पावलांवर बाई पडली होती. मधल्या ओल्या मुरमावर एकाच गाडीच्या चाकांचे माग होते. ओव्हाळ कडेनं चालत गेले. माग सरळ नव्हते. उजवीकडं, मग डावीकडं, पुन्हा उजवीकडं, पुन्हा डावीकडं. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. शेवटचा हेलकावा डाव्या कडेपर्यंत गेला होता. तिथं मुरमाची पाटी उपडी पडली होती.

बाईचं नाव धोंडाबाई, गाव गुंजवणे. अंगावर घोंगडी टाकली होती, पायाशी लाल लुगड्याचा काठ दिसत होता. नवरा रखमाजी शेजारी बसला होता. तोही त्याच कामावर खडी फोडायला होता. हातोडी अजून त्याच्या हातात होती. तो रडत नव्हता आणि कोणाकडं बघतही नव्हता.

मोटार पुढच्या वळणापलीकडं उभी होती. मोठी, काळी, विलायती. दोन तालुक्यांत तशी दुसरी नव्हती. डावं मडगार्ड आत गेलं होतं. तडकलेल्या रंगाखाली पोचे बुजवायच्या लांबीचे थर दिसत होते आणि प्रत्येक थरावरचा काळा रंग वेगळा होता. उजवं मडगार्ड मूळ रंगात चकाकत होतं.

ड्रायव्हर सोपान दाराला धरून उभा होता. नाना मागच्या सीटवर बसले होते.

"गाडी थांबली तेव्हा कोणी पाहिलं?" ओव्हाळांनी ज्ञानूला विचारलं.

"न्हाई जी. आमी समदी बाईकडं धावलो. वळणापलीकडं कोन बघतंय?"

ओव्हाळांनी रस्त्याचा तो तुकडा तसाच बंद ठेवायला सांगितला आणि एक शिपाई तिथं उभा केला.

ठाण्यात नाना खुर्चीत ताठ बसले. साठीचे, धोतर-कोट, आवाजात जरब. शिपायानं चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"सोपान. मी मागं होतो. वेल्ह्याला लग्नाला निघालो होतो."

"काय झालं?"

"स्टेअरिंग अडकलं. भोरच्या मौलालीनं केलेलं काम. त्याला आधी आत घ्या."

"काम कशासाठी काढलं होतं?"

"वर्षभर गाडी डावीकडं ओढत होती. वळणावर पाळण्यासारखी झुलायची. म्हटलं, स्टेअरिंग, पाटे, सगळं चांगल्या प्रतीचं करून घे. त्यानं वाट लावली." नाना थांबले. "ओव्हाळ, तुमच्याकडं चहाची पद्धत नाही का?"

ओव्हाळांनी कप उचलून त्यांच्या समोर ठेवला. नानांनी तो लगेच उचलला.

सोपानचा जबाब दोन ओळींचा होता. "गाडी म्या चालवत हुतो. स्टेअरिंग अडकलं."

"कुठं अडकलं?"

"बाई दिसली तवा."

"त्याच्या आधी गाडी नीट होती?"

"व्हय."

ओव्हाळांनी 'व्हय' लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

संध्याकाळपर्यंत मौलालीला भोरहून आणलं. पन्नाशीचा, नखांत ग्रीस मुरलेला. त्याची बायको गुलजारबी भाकरीचं फडकं घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली.

मोटारीचा तपासनीस पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. मौलालीला कोर्टापुढं दुसऱ्याच दिवशी उभं करायचं होतं.

"मला मोटारीतलं कळत नाही," ओव्हाळ म्हणाले. "काय केलंस ते लहान मुलाला सांगावं तसं सांग."

"मागचे पाटे, म्हंजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगा, त्यांत एकेक पान वाढवलं, साहेब. शॉक ॲब्सॉर्बर नवे घातले. पुढच्या दोन चाकांमधी आडवी पोलादी सळई बसवली, म्हंजे वळणावर गाडी एका अंगाला कलत न्हाई. आन् स्टेअरिंगचा ढिलेपणा काढला. आदी वीतभर फिरवलं तरी गाडी ऐकत नव्हती. आता दोन बोटं फिरवलं की वळती."

"ते अडकू शकतं?"

"माझ्या हातचं? तीन आठवडे सोपान चालवतोय. वरंधा घाट उतरून महाडला जाऊन आला. मला म्हनला, मौलालीभाई, नुसता कासरा हलवला की बैल वळावा, तशी वळती."

"नाना चालवायचे का?"

"काम होईस्तोवर तेच चालवायचे. सोपान नुसता बाजूला बसायचा. पण गाडी तयार झाली आन् गिरणीत भाताचा हंगाम लागला. नाना गिरणीतनं हलले न्हाईत."

"आणि डावीकडं ओढणं गेलं?"

मौलालीनं नखातलं ग्रीस खरवडलं.

"साहेब, गाडी ओढतच नव्हती. काम घ्यायच्या आदी मी आन् सोपाननं गिरणीच्या पटांगणात हात सोडून चालवली. ओळंब्यागत सरळ गेली. नानांना तसं सांगितलं. तर म्हनले, तू पत्रा ठोकणारा, तुला काय कळतं? नवं कर म्हनलं की कर. मंग केलं."

"डावं मडगार्ड कोणी दुरुस्त केलं होतं?"

"मीच. वर्षात तीनदा. एकदा गिरणीचा खांब, एकदा गाडीवाटेचा दगड, एकदा म्हशीचं शिंग."

"उजवं?"

"उजव्याला हात लावायची येळच आली न्हाई." मग त्यानं पायरीकडं पाहिलं. "साहेब, उद्या कागद गेले की गॅरेजला कुलूप. ते पुन्हा उघडायचं न्हाई. मौलालीच्या स्टेअरिंगनं बाई मेली म्हनल्यावर भोरमधी माझ्याकडं कोन गाडी आणंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळे पुन्हा विंझरच्या रस्त्यावर होते. पंचांसमोर जुन्या मागांचा नकाशा काढून झाला होता. ज्ञानूच्या माणसांनी मुरमावर पुन्हा पाणी शिंपडलं. नवा बांबू रोवून नवं निशाण लावलं. मडगार्डचा पत्रा ओढून चाक मोकळं केलं आणि मोटार शेतातून फिरवून बांबूच्या अलीकडं आणली. ओव्हाळांनी नानांना बांबूपाशी उभं केलं आणि स्वतः सोपानच्या शेजारी बसले.

"कालच्याच वेगानं चालव."

सोपाननं गाडी सोडली. दोनशे पावलं. तो वळणाअलीकडं थांबला. ओव्हाळ खाली उतरले.

"सोपान, उतर. मागं बघ."

जुन्या वाकड्यातिकड्या मागांवरून नवे माग गेले होते. रूळ टाकावेत तसे सरळ.

दोघं चालत परत आले. सोपान खाली बघत होता. नाना, ज्ञानू, रखमाजी, बेडी घातलेला मौलाली आणि दोन पंच बांबूच्या आसपास उभे होते.

"अडकलेलं स्टेअरिंग गाडीला एकाच दिशेनं नेतं," ओव्हाळ म्हणाले. "हे माग तीनदा दिशा बदलतात. म्हणजे स्टेअरिंग फिरत होतं. दर वेळी गरजेपेक्षा जास्त फिरत होतं. आणि हे निशाणापासूनच सुरू झालं, बाई दिसल्यावर नाही. मौलालीचं काम ठीक आहे."

"मग सोपानचा हात चुकला," नाना म्हणाले.

"सोपानचा हात आत्ताच पाहिला आपण. तीन आठवड्यांत त्याच्या हाताला नवं स्टेअरिंग कळलंय. काल ज्यानं गाडी चालवली, त्याच्या हाताला जुनी सवय होती. त्यानं वीतभर फिरवलं. गाडीला दोन बोटं पुरत होती. ती उजवीकडं झेपावली. त्यानं घाबरून उलट वीतभर फिरवलं. मग पुन्हा. जुनी गाडी अंगवळणी पडलेला आणि नवी हातात न घेतलेला माणूस. गाडीत दोघंच होते."

ओव्हाळ नानांकडं वळले.

"खांब, दगड, म्हैस. तिन्ही डावीकडं. उजव्या बाजूला ओरखडा नाही. काल चहाचा कप तुमच्या डाव्या हाताशी होता, आणि तुम्ही चहा मागितलात. नाना, गाडी डावीकडं ओढत नव्हती. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. बांबू मोडेपर्यंत तुम्हाला निशाण कळलं नाही. बांबूचा आवाज झाला आणि तुम्ही स्टेअरिंग फिरवलंत."

"खोटं आहे," नाना म्हणाले. ते समोरच्या मुरमाकडं बघत होते. "निशाण नव्हतंच. मुकादमानं लावलंच नव्हतं. आज तरी कुठं लावलंय?"

नवं निशाण नानांच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर फडफडत होतं.

सगळे तिकडं बघायला लागले. ते बघताहेत हे नानांना उशिरा कळलं. त्यांनी मान पूर्ण वळवली. मग ते निशाणाकडं बराच वेळ बघत राहिले.

"गाडीच ओढायची," ते हळू म्हणाले.

सोपान मुरमावर खाली बसला. "विंझर सुटल्यावर म्हनले, सरक, नवं स्टेअरिंग बघू दे. म्या न्हाई म्हनलो न्हाई." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "वळणापलीकडं जागा बदलल्या. माझं घर त्यांच्या जाग्यात हाय, साहेब."

"जबाब बदलून दे. आत्ता," ओव्हाळ म्हणाले. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं मौलालीची बेडी सोडली. मौलालीनं मनगटं चोळली, मग सवयीनं गाडीपर्यंत गेला, वाकला आणि पुढच्या चाकामागं हात घालून सळई चाचपली. घट्ट होती.

नानांना शिपायानं दंडाला धरून चालवलं. डाव्या बाजूनं धरलं तेव्हा ते दचकले.

ओव्हाळ कागद आवरत होते. रखमाजी त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडलं.

"म्हंजे त्यांला ती दिसलीच न्हाई?"

"नाही."

रखमाजीनं मान हलवली. त्याला हिशेब लागत नव्हता.

"लाल लुगडं हुतं की," तो म्हणाला. "मोटारवाल्यांला लांबनं दिसावं म्हून म्याच सांगितलं हुतं, कामावर लालच नेसत जा."

ओव्हाळांनी ते कुठंच लिहिलं नाही. मुकादमानं हाक मारली आणि कामावरच्या बाया पाट्या घेऊन उठल्या.