वाटणीची चिमूट

बार्शीकडच्या मातीतले सूक्ष्म क्षार संपले, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. ज्वारी भरघोस यायची, पण दाण्यात सत्त्व नसायचं. म्हणून दर माणसामागे रोज एक चिमूट 'कणपूड' मिळे. जस्त, तांबं, सेलेनियम अशी जी द्रव्यं शरीराला कणभरच लागतात, पण लागतातच, त्यांची ती राखाडी पूड.

माणसं तगली, पाळणे मात्र हलेनात. ओवीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर तिला सोडचिठ्ठी द्यायची, असं तिच्या नवऱ्याच्या, समरच्या काकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

चैत्रात डॉ. रेहाना मुजावरांनी घरातल्या तिघांचे केस तपासले. केस म्हणजे शरीराची रोजनिशी. पोटात काय गेलं, ते त्यात महिन्यामहिन्यानं उमटतं.

"समररावांच्या अंगात सेलेनियम तिप्पट," त्या म्हणाल्या. "पुरुषबीजाला शेपूट असतं. ते घडायला सेलेनियम लागतं, पण अति झालं की तेच शेपूट लुळं पडतं. बीज पोचणार कसं? आणि या दोघींच्या केसांत नुसता दुष्काळ."

समरची आई, दीपालीबाई, ओढणीचं टोक पिळत राहिल्या. "माझी चिमूट मी त्याच्या आमटीत घालते. पुरुषाच्या जातीला जास्त लागतं."

ओवीनं मान खाली घातली. "मी यांच्या भाकरीच्या पिठात."

"आणि आमटी कडू लागते म्हटलं, की दोघी माझ्यावरच उखडायच्या," समर म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "घरोघरी हेच असणार. नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात. आजपासून जिची चिमूट तिच्याच तोंडात. एकमेकींसमोर."

सासू-सुना रोज समोरासमोर बसून, तोंडं वेडीवाकडी करत चिमूट गिळू लागल्या. गावभर बायका तेच करू लागल्या. दिवाळीत ओवीला चकलीच्या तळणाचा वास सोसेना. काका आले तेव्हा दीपालीबाईंनी त्यांच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं.

"बसा भावजी. सोडचिठ्ठीचं राहू द्या, बारशाला कधी येताय ते सांगा."

पुढच्या वर्षी गावात एकेचाळीस पाळणे हलले.

बाळाच्या उष्टावणाला अंगण माणसांनी भरलं होतं. खिरीची वाटी पुढे आली, तेव्हा ओवीचं लक्ष सासूच्या हाताकडे गेलं.

"आई, मूठ उघडा."

आत राखाडी पूड होती. "एवढीशीच गं. वाढतं अंग आहे मुलाचं."

ओवी हसली. सासूचा हात वाटीवरून बाजूला सारायला तिनं आपला हात पुढे केला, आणि थबकली. तिचीही मूठ मिटलेलीच होती.