पन्ह्याचा पितळी गुंड

"टरबूज! त्या टरबुजानंच घात केला पोराचा!" दौलतकाका चुलीपाशी गरजले.

पंचफुलेच्या अंगाचा तिळपापड झाला. १९३८ सालची उन्हाळ्याची सुट्टी, किन्हीराजातली सगळी पोरं उंडारत होती, आणि तिचा धाकटा भाऊ जगदेव सकाळपासून ओकून, जुलाबांनी गळून खाटेवर पडला होता. टरबूज काल दिलं होतं चांदनं, गावच्या कल्हईवाल्याच्या मुलानं.

"काका, निम्मं टरबूज तर चांदनंच हाणलं! तो काहून नाही पडला आजारी?"

"गप बस! अन् पोराचं पाणी बंद करा. पोटात ठरतच नाही तर द्यायचं कायले? थंडाव्याले पन्ह्याचा घोट द्या फक्त."

"सकाळपासून लघवी नाही झाली हो त्याले," आई कस्तुराबाई रडवेली होऊन म्हणाली. जगदेवचे डोळे खोल गेले होते. पंचफुलेला फार भीती वाटली.

पन्हं काल रात्रीपासून पितळी गुंडात, मोठ्या घागरीत, मुरत होतं. सकाळी चव बघायला काकांनी पहिला पेला जगदेवलाच दिला होता. पाहुणे येणार म्हणून काकांनी तो चिंच-राखेनं बाहेरून लख्ख घासून घेतला होता! आताही जगदेवनं घोट घेतला, आणि लगेच भडभडून ओकला.

"ताई, पन्हं नको. तोंडात पैसा धरल्यावानी लागते."

पंचफुला धावतच कुंपणापाशी उभ्या चांदकडे गेली. चांदनं ऐकलं मात्र, त्याचे डोळे विस्फारले.

"पितळी गुंडात आंबट? या अल्ला! आतून पाह्यला का?"

पाहणार कसा? काका गुंडाला खेटून बसले होते. "पाहुण्यांच्या आधी कोणी हात लावायचा नाही!"

तेवढ्यात पाहुण्यांच्या बैलांची घुंगरं वाजली. आता?

"काका, पाल! पन्ह्यात पाल पडली!" चांद दारातून किंचाळला.

काका धोतर सावरत उठले आणि त्यांनी अख्खा गुंड अंगणात उपडा केला. "कुठं हाय पाल?"

"पाल नाही जी. हे पाहा!"

आतली कल्हई पार उडालेली, आणि गळ्याशी हिरवंगार कडं!

"आंबटानं पितळ कळकलं, त्याचं विख झालं! अब्बा तुमाले होळीपासून सांगून राह्यले, कल्हई करून घ्या म्हणून!"

काका मटकन खाली बसले. "म्याच पाजलं रे त्याले..."

"काका, वासराले जुलाब झाले तवा तुमी मिठाची पेज पाजली होती ना? त्याचं पाणी थोडंच तोडलं होतं!" पंचफुला म्हणाली.

काका ताडकन उठले. कस्तुराबाईनं तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं. काकांनी पाहुण्यांना ओट्यावर बसवून मालेगावच्या दवाखान्यासाठी गाडी जुंपली. पंचफुलेच्या मांडीवर डोकं ठेवून जगदेव चमच्या-चमच्यानं पेज पीत होता. ओकला की ती जरा थांबायची, पुन्हा पाजायची. चांद पेजेचं भांडं धरून बसला होता.

अर्ध्या वाटेत जगदेव पुटपुटला, "काका, गाडी थांबवा. मले मुताले लागली!"

काकांनी कासरा असा ओढला की बैलही चमकले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी जगदेवची जीभ पाहिली, पोट दाबलं. "पाणी तोडलं असतं तर कठीण होतं. पेज पाजायचं कुणी सुचवलं?"

"या पोरीनं, साहेब," काका म्हणाले, "अन् गुंडातलं विख यानं हुडकलं. मी आडवा आलो होतो."

मग ते चांदकडे वळले. "उद्या तो गुंड मी सोता डोक्यावर घेऊन तुमच्या घरी येतो. आणखी एक टरबूज असलं तर कापून ठेव. सगळ्यांसमोर पहिली फोड मी खाईन!"