इंदूबाईचा लाल धागा

घाबरू नका, गाडी पास झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण मधलं ऐकताना लोक चहा अर्धा टाकून उठतात.

कळमेश्वरच्या रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. बावीस वर्षांत माझ्या हातून गेलेली एकही गाडी दिव्यांसाठी परत आलेली नाही, आणि त्याचा मला भारी तोरा. गेल्या डिसेंबरात चंद्रभानकाका त्यांची जुनी फियाट घेऊन आले. घर हातमागावर लुगडी विणणारं. याच गाडीत गठ्ठे घालून काका आणि त्यांच्या बायको इंदूबाई यांनी उमरेडपर्यंतचे बाजार केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओत पासिंग होतं. बाहेरचे सगळे दिवे नव्या वायरीवर घ्यायचे होते आणि पिवळे इंडिकेटर बसवायचे होते. नापास झाली तर मुलगा भूपेश गाडी भंगारात देणार होता.

"घर तं रिकामं झालंच," काका म्हणाले. "आता हे बी गेली तं मी कोणाजवळ बसू वं?"

बॉनेटखाली डाव्या दिव्याच्या वायरीत एक सांधा सापडला. टेपऐवजी लुगड्याच्या काठाचा लाल धागा गुंडाळून गाठ मारलेली.

"ते नको कापू वं वंदना. इंदूनं बांधलं आहे. रस्त्यात टेप नव्हती, तं पदराचा धागा काढला तिनं."

इंदूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी हो म्हटलं, आणि काका चहाला गेल्यावर सांधा कापला. वायरीवरचा धागा पेट घेतो, हे मला कोणी शिकवायला नको. बटणापासून दिव्यापर्यंत अखंड नवी वायर ओढली. मध्ये एकही जोड नाही.

दिवेलागणीला बटण दाबलं. उजवा इंडिकेटर लागला. डावा नाही. बल्ब बदलला, अर्थिंगची वायर घासून घेतली. टेस्टर लावला तर दिव्यापर्यंत करंट येत होता, आणि दिवा मात्र काळा. दीड तास गेला. काका स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होते.

"कापलं ना तू?"

"हो, काका." मला फार लाज वाटली.

"तुटका धागा तसाच ठेवून ती मागावरून कधी उठली नाही..."

पुन्हा पहिल्यापासून करावं म्हणून मी बॅटरीची वायर काढली. ती माझ्या हातात होती, आणि इंडिकेटर वाजू लागला. टक... टक... आवाज हळूहळू जड होत गेला. खट... खट... माग चालतो तसा. ग्रीसच्या वासातून आंबूस वास आला, सुताला लावतात त्या खळीचा.

काका उठले आणि गाडीवर हात ठेवला. "इंदू... उद्या पासिंग आहे वं. पोरगा गाडी भंगारात देऊन राहिला..."

आवाज थांबला. मग डावा दिवा लागला, पिवळाधमक! मी ओरडलेच. भीतीनं की आनंदानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी आरटीओच्या साहेबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. डावा लावा. लागला. उजवा. लागला. हेडलाइट, ब्रेक, सगळे लख्ख. ब्याऐंशी वर्षांच्या काकांनी खिडकीतून कागद फडकावला.

"पाहा गा भूपेश! पास!"

रांगेतल्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. भूपेशसुद्धा डोळे पुसत पेढे आणायला पळाला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

आपलं काम एकदा डोळे भरून पाहावं म्हणून मी बॉनेट उघडलं. माझ्या अखंड वायरीच्या मधोमध लाल धागा गुंडाळलेला होता. गाठ तीच. धागा ओला, बोटाला चिकटणारा. मी तो जरासा बाजूला सारला. आत तांब्याची दोन टोकं होती, आणि दोन्हींमध्ये बोटभर मोकळी जागा.

तेवढ्यात काकांनी मजेत बटण दाबलं. डावा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

मी धागा होता तसा केला आणि बॉनेट लावलं. काका रोज गाडी काढतात. दिव्यांसाठी ती अजून परत आलेली नाही.