कोणी राहिलं का?

प्रणाली, शाल ओढून घे. सौमित्र, बाळा, तो मोबाईल पालथा ठेव. ही आपल्या गुणवंतची गोष्ट. त्यानं मला एकदाच सांगितली, रडत.

गुणवंत खाजगी बसवर कंडक्टर. जबलपूर ते रानातलं बाजाराचं गाव. थांब्यावरून निघताना तो मागे वळून विचारायचा, "कोणी राहिलं का?" मगच शिट्टी.

गेल्या एप्रिलात असंच विचारलं. मागच्या खिडकीतून एक लेकरू, मुठीत मोहाची फुलं धरलेलं, ओरडलं, "माय राहिली!"

ड्रायव्हर बापू चिडला, "चलो ना भैया, काहून थांबून राहिला?"

तरी गुणवंत थांबला. लेकराची माय, अंजनीबाई, पाण्याची बाटली भरून धावत आली. "थांबलात भैया, बरं झालं," म्हणाली आणि लेकराजवळ बसली.

शंभर पावलांवर ओढ्यावरची लहान पुलिया होती. नक्षलवाद्यांनी तिच्याखाली सुरुंग पेरला होता, पोलिसांच्या गाडीसाठी म्हणे. फुटला तो बसखाली. बस मधोमध फाटली. पत्रा माणसांत घुसला. दारात उभा गुणवंत शेतात फेकला गेला. शुद्ध आली तेव्हा केस जळल्याचा वास, आणि झाडावर... असू दे. बापू गेला. अंजनीबाई हातावरून ओळखली. हातात बाटली तशीच होती. लेकराचं काहीच सापडलं नाही.

"मी थांबलो नसतो तर ती वाचली असती, काका." दुसरं काही बोलायचाच नाही तो.

नऊ नोव्हेंबर, रविवार. नवी बस ब्रेकच्या कामासाठी रिकामी जबलपूरला आणायची होती. नवा ड्रायव्हर आनंद आणि गुणवंत, दोघंच. त्याच थांब्याशी इंजिन तापलं. पाणी घातलं. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. गुणवंत सवयीनं वळला आणि रिकाम्या बसला विचारलं, "कोणी राहिलं का?"

बाहेरून, अंधारातून...

"राहिली नं, भैया... थांबा."

शिट्टी ओठांत तशीच. थांबावं, तर पुढे पुलिया. निघावं, तर ती एकटी, रानात...

"मग, आबा?"

फुंकली त्यानं शिट्टी.

बस हलली. मागे पावलं. धावणारी. पत्र्यावर थाप. पुन्हा थाप.

"भैया... माझं लेकरू आत आहे..."

त्यानं कान दाबले. डोळे मिटले. पुलिया आली...

गेली.

थापा थांबल्या.

"वाचली," गुणवंत पुटपुटला. "या खेपेला वाचली."

जबलपूरजवळ, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर दिवे लागले होते. आनंदनं आरशात पाहिलं. बस बाजूला घेतली. उठून मागे गेला.

"भैया... ये कौन लाया?"

मागच्या खिडकीच्या जागेवर मोहाची फुलं होती. ओली, ताजी. मोह तर एप्रिलात गळतो, पोरांनो.

लहानशा मुठीत मावतील, एवढीच होती.