पांढऱ्या पाटीची चूक

"जरा मागं... अजून जरासं मागं..." असं स्वतःशीच पुटपुटत ती कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे खुपसून उलटी चालत होती. पोहण्याचा छोटा तलाव काठासकट चौकटीत बसायला हवा होता. आणि बसला! पण आपल्या पाठीमागे मोठा तलाव आहे, हे ती साफ विसरली होती. पुढच्या पावलाला फरशीच लागली नाही.

धप्प!

नाकातोंडात पाणी, कानांत गुडगुड, आणि डोक्यात एकच विचार — कॅमेरा! मग कुणीतरी काखेत हात घातला आणि एका झटक्यात ती वर आली. काठावर बसून खोकताना तिला आधी दोन ओली पावलं दिसली, मग काळी शिट्टी, आणि मग एक शांत चेहरा.

"ठीक आहात?"

"कॅमेरा..."

"तो बुडाला. तुम्ही नाही बुडालात. आधी श्वास घ्या."

उथळ बाजूला पन्नाशीच्या बायकांचा वर्ग चालू होता. सगळ्या टोप्या एकदम इकडे वळल्या. "अहो मास्तर, प्रश्न कसले विचारताय? पोरीला टॉवेल द्या आधी!"

मास्तरनं टॉवेल दिला. "कसलं शूटिंग करताय?"

"फिल्म... पाण्याखाली फोटो कसे काढायचे, ते शिकवणारी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. केसांवरून टपटपणारं पाणी, अंगाभोवती गच्च आवळलेला टॉवेल... "आणि पोहता?"

"येत नाही," ती म्हणाली.

 तो ओठ घट्ट मिटून भलतीकडेच बघत राहिला. त्याला हसू आवरत नव्हतं, हे तिला दिसलं, आणि तिला इतका राग आला की थंडीच पळाली.

शैक्षणिक फिल्म बनवणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती चार वर्षं काम करत होती. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या, एवढीच ती संस्था. आजवर दुसऱ्यांच्या फिल्मचे तुकडे जोडले. ही पहिली फिल्म तिची स्वतःची. एका डायव्हिंग प्रशिक्षण केंद्राला नवी तुकडी यायच्या आत ती हवी होती. संचालकबाई म्हणाल्या होत्या, "ही नीट केलीस तर पुढच्याही तुझ्याच." आणि पहिल्या दहा मिनिटांत कॅमेरा पाण्यात! वॉटरप्रूफ पेटीची रबरी रिंग तिनं नीट बसवली नव्हती.

संस्थेत जुने दोन कॅमेरे पडून होते, त्यावर भागलं. पण दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा दणका बसला. फिल्ममध्ये शिकवणार होते ते नावाजलेले छायाचित्रकार. सगळे त्यांना 'सर' म्हणत. त्यांचा सकाळी फोन आला.

"कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणतात, दीड महिना पाण्यात उतरायचं नाही."

ती उभ्याउभ्याच गार पडली. "सर, मग मी काय करू?"

"त्या तलावावरच माझा जुना सहायक आहे. पोहायला शिकवतो. हात चांगला आहे त्याचा, पण..." ते थांबले. "असो. विचारून बघ."

तो मास्तर? शिट्टीवाला? तिचा कानांवर विश्वास बसेना. पण दुसरा इलाज नव्हता; ती तलावावर गेली.

"मला हवेशी बोलता येत नाही," मास्तर म्हणाला. "शिकवायचं तर समोर शिकणारं माणूस हवं. खरंखुरं. ज्याला काहीच येत नाही असं."

"असं माणूस मी कुठून आणू?"

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"मी?" ती जवळजवळ ओरडलीच. "मास्तर, मी काल बुडत होते!"

"म्हणूनच. आधी आठ दिवस पोहणं, मग हवेची टाकी पाठीवर. घाबरलात तरी चालेल... लपवायचं नाही, एवढंच."

आणि ती शिकली! कशी, ते तिचं तिलाच कळलं नाही. बायकांच्या वर्गात ती सर्वांत कच्ची. "पाय मार गं, पाय!" म्हणून सगळ्या मावश्या एका सुरात ओरडायच्या. मास्तर मात्र कधी ओरडला नाही. ती दचकली की त्याचा तळवा पाण्याखाली तिच्या पाठीशी असायचा. धरून नाही, नुसता असायचा.

दहाव्या दिवशी दोघं टाक्या पाठीवर घेऊन चार मीटर खाली गेले. वरून ऊन येत होतं आणि तळाच्या फरशीवर उजेडाची जाळी हलत होती. तिचेच बुडबुडे तिच्या डोळ्यांसमोरून चांदीच्या वाट्यांसारखे वर चालले होते... तिला हर्षच झाला. तिनं त्याला झोकात अंगठा दाखवला.

त्याच क्षणी मास्तरनं तिचा दंड धरला आणि सावकाश पण ठामपणे तिला वर आणलं. "काय झालं? कान दुखतोय? श्वास लागतोय?"

"काही नाही! मस्त वाटलं म्हणून अंगठा दाखवला!"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, पाण्याखाली अंगठा म्हणजे 'मला वर न्या'!"

"मग 'मस्त' कसं सांगायचं?"

"त्याला खूण नाही."

"मग तुम्हाला मस्त वाटलं की तुम्ही काय करता?"

तो तोंडावरचा मास्क उगाच पुसत राहिला. "सांगावं असं... कुणी नव्हतं बरोबर," तो हळूच म्हणाला आणि पुन्हा खाली गेला. ती काठाला धरून तशीच राहिली. पाणी गार असूनही गाल का तापले, तिला कळेना.

घरी वहिनीनं बरोबर ओळखलं. "आजकाल ओले केस पुसताना गुणगुणतेस! दादाला सांगू?"

"काहीतरीच काय, वहिनी!"

शेवटचा धडा रंगांचा. त्यासाठी तलाव पुरेसा खोल नव्हता. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती, पाण्यानं काठोकाठ भरलेली, काचेसारखी नितळ. परवानगी एकाच दिवसाची मिळाली. मास्तरनं एक कॅमेरा तिकाटण्यावर लावला, दुसरा तिच्या हातात दिला. बरोबर रंगीत पाट्या होत्या. खोली बदलली की कॅमेऱ्याला पांढरी पाटी दाखवून 'हे पांढरं' असं सांगावं लागतं, म्हणजे बाकीचे रंग तो नीट ओळखतो.

सहा मीटरवर एक कपार होती. तिथं पोचल्यावर तिनं मास्तरचा हात सोडला. पहिल्यांदाच, आपण होऊन. एक चिमुकला मासा तिच्या पुढून गेला, ती त्याच्यामागं तरंगत गेली आणि तिनं त्याचा फोटो काढला. वळून पाहिलं, तर मास्तर हातात पाटी धरून तिच्याकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी एडिटिंगच्या खोलीत दोघं शेजारी शेजारी बसले. तिनं कालचं शूटिंग स्क्रीनवर लावलं आणि वासलेला आ तसाच राहिला. खाण जांभळट, दगड गुलाबी, आणि तिचा स्वतःचा चेहरा... शाई सांडल्यासारखा! पुढं सरकवलं. पुढंही तेच. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच. अख्खा दिवस तसाच.

मास्तर पुढं वाकला. "छान आलंय की!"

"मास्तर, थट्टा पुरे."

"कसली थट्टा?"

ती त्याच्याकडे वळली. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.  "माझा चेहरा... कुठल्या रंगाचा दिसतोय तुम्हाला?"

 पंखा घरघरत होता. खाली दुकानात कुणीतरी टायर ठोकत होतं.

"मला लाल रंग दिसत नाही," तो म्हणाला. "जन्मापासून. लाल म्हणजे माझ्या लेखी मळकट काळा. आणि फिकट हिरवट पाटी, पांढरी पाटी... दोन्ही सारख्याच."

"पण तलावातलं सगळं तर बरोबर आलंय!"

"पाट्यांच्या मागं अक्षरं कोरलीत मी. दरवेळी मागचं अक्षर बघतो, मगच पाटी धरतो. काल... बघायचं राहिलं. पांढरी समजून हिरवटच धरली."

"का?"

"तुम्ही हात सोडलात ना काल," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "मी बघतच राहिलो."

आता कशाचा धक्का आधी घ्यावा, हेच तिला समजेना! 

"सरांकडेही एकदा असंच झालं होतं," तो पुढं म्हणाला. "त्यांना वाटलं, मी हलगर्जी आहे. मी तसंच वाटू दिलं. रंग न दिसणारा छायाचित्रकार... लोक हसले असते." त्यानं पिशवी उचलली. "मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. लपवायचं नाही, असं मीच शिकवत होतो तुम्हाला... माफ करा. दुसरं कुणीतरी बघा."

"मास्तर, थांबा!"

तो जिना उतरून गेला. चार दिवस त्यानं फोन उचलला नाही. तलावावर गेली, तर मावश्या म्हणाल्या, "रजेवर आहे गं. तू काही बोललीस का त्याला?"

पाचव्या दिवशी संचालकबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिन कसली, प्लायवूडचा आडोसा. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. बाई स्क्रीनसमोर बसल्या होत्या.

"हे काय? ही तू आहेस की वांगं?"

"चूक झाली, बाई."

"कुणाची? त्या मास्तरांची?"

तिनं नकारार्थी मान हलवली.  त्यानं आयुष्यभर जपलेली गोष्ट आपल्या तोंडून बाहेर पडता कामा नये, एवढंच तिला कळत होतं. "माझी. चुकीची पाटी मी दिली त्यांच्या हातात. त्यांचा काही संबंध नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मग ही फिल्म मला दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावी लागेल. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

तेवढ्यात दार उघडलं. दारात मास्तर! दाढी वाढलेली, श्वास लागलेला. तिला वाटलं, आता आपण खुर्चीवरून खाली पडणार.

"पाटी मी दाखवली," तो म्हणाला. "मला रंग नीट दिसत नाहीत. हेच सांगायला आलो होतो, तर बाहेर यांचं हे ऐकलं."

बाईंचा चष्मा हातातच राहिला. "म्हणजे... रंगांचा धडा... रंग न दिसणाऱ्या माणसानं शिकवला?"

"हो. आणि त्या धड्याला माझ्याइतका लायक माणूस मिळायचा नाही, बाई." आता त्याचा आवाज शांत होता, तलावावर असायचा तसा. "पाण्यात खाली गेलं की सगळ्यांत आधी लाल रंग जातो. डोळे कितीही चांगले असोत. तिथं सगळ्यांना माझ्यासारखंच दिसतं. फक्त त्यांना ते कळत नाही. ते डोळ्यांवर भरवसा ठेवतात आणि फसतात. मी लहानपणापासून तो ठेवला नाही. पाटी, अक्षर, आकडा, मग बटण. इतक्या वर्षांत दोनदा चुकलो, त्यातलं एक हे."

 मग बाईंनी चष्मा चढवला आणि एकदम आवाज चढवला. "अहो, मग हे मला काय सांगताय? कॅमेऱ्यासमोर सांगा! हीच तर फिल्म आहे! ते वांगंही ठेवा आत. चूक दिसली पाहिजे लोकांना."

तिनं बाईंकडे पाहिलं. मास्तरनं बाईंकडे पाहिलं. 

तलावाच्या काठावर बसून मास्तरनं ते सगळं पुन्हा सांगितलं, ते दोन दिवसांनी. जांभळ्या चेहऱ्यावर प्रशिक्षण केंद्रातली तुकडी पोट धरून हसली, आणि त्याचं बोलणं सुरू झाल्यावर चिडीचूप झाली. सरांचाही फोन आला, आणि 'मला तेव्हाच का नाही सांगितलंस?' असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी केबिनमधून बाहेर पडल्यावर दोघं जिन्यात थांबले. खाली टायर घरंगळत होते. रबराचा वास वरपर्यंत येत होता.

"माझ्यासाठी खोटं का बोललीस?" त्यानं विचारलं.

बोललीस!  "तुम्ही मला... 'तू' म्हणालात."

"म्हणालो?" तो दचकला. "चुकून... म्हणजे चुकून नाही..." त्यानं गडबडीत खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर घडी केलेला एक कागद बाहेर आला आणि पायरीवर पडला. तो वाकायच्या आत तिनं उचलला.

"ते... ते नका वाचू!"

पण तिनं घडी उलगडली होती. सरळ, नीटस अक्षर.

एक — बाईंना सगळं खरं सांगायचं.
दोन — तिला विचारायचं.
तीन — ती नाही म्हणाली तर हसून निघायचं. जिन्यात अडखळायचं नाही.

तिनं पुन्हा एकदा वाचलं. अक्षरं धूसर झाली, म्हणून डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"एक नंबर झाला," ती म्हणाली.

"हो."

"दोन नंबर राहिलाय."

त्यानं कठडा घट्ट धरला. सहा मीटर पाण्याखाली ज्याचा श्वास कधी चुकला नव्हता, त्याला आता धाप लागली होती. "माझ्याबरोबर... म्हणजे फिल्म संपल्यावरही... कायमची... राहशील?"

तिनं केसांत खोचलेलं पेन काढलं आणि कागदासकट त्याच्या हातात ठेवलं.

"तीन नंबर खोडून टाक," ती म्हणाली.