आठवा कॅमेरा आणि शून्य उपग्रह

आठपैकी सात कॅमेरे हाती लागले होते आणि आठव्यासाठी आता एकच दिवस उरला होता! धरणाचा पहिला दरवाजा बंद होऊन नऊ दिवस झाले होते आणि दरीत पाणी रोज चढत होतं. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे हे कॅमेरे ताईने दोन महिन्यांपूर्वी ओढ्याकाठच्या झाडांना बांधले होते. दरीत पाणमांजरं नुसती येऊनजाऊन नसतात, इथेच पिल्लं वाढवतात, हे तिला सिद्ध करायचं होतं. सोमवारी धरणाच्या समितीची बैठक होती. पिल्लाचा एक तरी फोटो, आणि तो नेमका कुठे काढला याची नोंद, समितीपुढे ठेवली तर धरणाचा दुसरा दरवाजा उघडा राहणार होता आणि वरची अर्धी दरी वाचणार होती. नाही तर तीही पाण्याखाली जाणार होती.

सात कॅमेऱ्यांत निघालं काय? साळिंदर, रानडुकरं, आणि पट्टा आवळायला वाकलेल्या ताईचे स्वतःचे चाळीस फोटो. आठवा कॅमेरा मात्र एका बिळाच्या तोंडासमोर होता. असलं तर त्यातच असणार होतं.

आणि नेमका आदल्या दिवशी ओढा ओलांडताना ताईचा नवा फोन खिशातून निसटला. डुबुक! सगळ्या जागा ती त्याच्यातच बघायची.

"म्हणूनच मी जुना आणलाय," धाकट्याने सॅकमधून ताईचाच जुना फोन विजयी मुद्रेने बाहेर काढला. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. गावात त्याचं फोन दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे त्याचा स्वतःचा फोन कायम टेबलावर उघडा पडलेला असायचा. आत्ताही तो तिथेच होता. "कॅमेरे बांधलेस तेव्हा हाच होता ना तुझ्याकडे? जागा ह्यातही असणार. तापत होता म्हणून मला दिलास, मी ठणठणीत करून ठेवलाय. माझं सिम टाकतो, झालं."

"तपासलास का नीट?"

"दुकानात नकाशा उघडून बघितला. ठिपका बरोब्बर माझ्या दारात!"

त्यांच्यासोबत वनरक्षक काका होते. तीस वर्षं ह्या जंगलात काढलेला माणूस, पण आठवा कॅमेरा बांधताना ते रजेवर होते. ताईने स्वतः बांधला होता, पण खुणेचा मोठा खडक, दोन ओढ्यांचा संगम, पडलेलं झाड, सगळं आता फुगवट्याच्या पाण्यात गडप झालं होतं. उरलेला काठ तीन मैल सारखाच दिसत होता. फोनशिवाय गत्यंतर नव्हतं.

सकाळी सात वाजता ताईने जागा नोंदवायचं ॲप उघडलं. 'पुन्हा लॉगिन करा.' तिने पासवर्ड टाकला. 'इंटरनेट उपलब्ध नाही.'

"हे काय आता?"

"बॅटरी काढली होती ना मी, तेव्हा लॉगआउट झालं असेल," धाकटा म्हणाला. "एकदाच नेट मिळालं की जागा दिसतील. नंतर नेट नको. वर चढूया."

वर म्हणजे कड्याच्या माथ्यावर. दीड तासाची उभी चढण! काट्यांनी बाह्या फाडल्या, पायाखालचा मुरूम सुटत होता, दर पंधरा पावलांना ताई फोन उंच धरून बघत होती आणि प्रत्येक वेळी पट्ट्यांच्या जागी ती फुली दिसून तिच्या डोक्यात तिडीक जात होती. खाली पाणी चढत होतं आणि ती त्याच्या उलट दिशेला चालली होती. असल्या उफराट्या मोहिमेची तिला स्वतःलाच लाज वाटली.

माथ्यावरही फुलीच! विमान मोड लावला, काढला. सिम काढून सदऱ्याला पुसून पुन्हा घातलं. फोन बंद करून चालू केला आणि चालू व्हायला त्याने अख्खी चार मिनिटं घेतली. फुली!

तेवढ्यात काकांच्या खिशातून गाणं वाजलं. त्यांचा बटणांचा फोन. "हं, बोल," काका आरामात म्हणाले, "हो, खाल्लं. ठेव."

बहीणभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले.

"काका, तुम्हाला रेंज आहे?"

"दोन काड्या आहेत की."

धाकट्याने कपाळावर हात मारला. "अरे, हो! हा फोन मधलं, थ्रीजी नेटवर्क शोधतोय, आणि ते तर कंपन्यांनी बंद केलं. इथे फक्त सगळ्यात जुनं, टूजी आहे!" त्याने सेटिंगमध्ये जाऊन जुनं नेटवर्क निवडलं. एक पट्टी उगवली! मग दुसरी! ताईने घाईघाईने पासवर्ड टाकला. गोल चक्र फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. आणि मग लाल अक्षरं उमटली: 'कनेक्शन सुरक्षित नाही.'

"आता कोण मारायला टपलंय इथे आम्हाला?" ताई ओरडली. समोरच्या कड्यावरून तिचाच आवाज परत आला.

धाकटा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग जरा दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, फोनच्या मते आज एक जानेवारी आहे. अकरा वर्षांपूर्वीची."

"मग?"

"बॅटरी काढली की ह्याचं घड्याळ मागे जातं. तारीख चुकली की समोरचा सर्व्हर ह्याला दारातसुद्धा उभं करत नाही."

"हे तू मला आत्ता सांगतोयस? वर येऊन?"

काकांच्या फोनवरून तारीख आणि वेळ बघून घातली. पुन्हा चक्र. पंधरा मिनिटं! तिघेही श्वास रोखून एका तळहाताएवढ्या पडद्याभोवती उकिडवे बसले होते. आणि आठ ठिपके उमटले. आठवा सगळ्यात खाली, दरीच्या अरुंद तोंडाशी! ताईने आनंदाने काकांच्या पाठीवर थाप मारली आणि मग ओशाळून माफी मागितली.

साडेदहाला ते खाली निघाले. खरा वैताग अजून पुढेच होता.

ठिपके दिसत होते, पण आपण स्वतः कुठे आहोत ते फोन सांगेना. 'स्थान शोधत आहे.' उपग्रह: शून्य. बॅटरी वाचवायचा मोड बंद केला. स्थानाची अचूकता सगळ्यात वर नेली. शून्य!

"झाडी आहे ना," धाकटा म्हणाला. म्हणून काटेरी झुडपं तुडवत ते मोकळ्या जागेत गेले. शून्य!

"कडा आडवा येतो ना." म्हणून कड्यापासून लांब, गुडघाभर चिखलातून पलीकडच्या उतारावर. शून्य!

"नेट नसलं की पहिल्यांदा वेळ लागतो. बारा मिनिटं हलायचं नाही." बारा मिनिटं एका खडकावर तिघेही पुतळे होऊन उभे राहिले. वर चहूबाजूंनी निळंभोर, ढगाचा ठिपकाही नसलेलं आकाश! शून्य! धाकट्याने मग हवेत फोनने इंग्रजी आठचा आकडा काढायला सुरुवात केली, होकायंत्र जागेवर यावं म्हणून. दहा वेळा, वीस वेळा. काका लांबून बघत होते.

"मंत्रबिंत्र आहे का काही ह्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

ताई हसली नाही. एक वाजला होता. सकाळी काठावरची जी झुडपं कोरडी होती ती आता कमरेएवढ्या पाण्यात होती. तिला रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता. दोन महिने जळवा अंगावर घेऊन केलेलं काम एका गोल फिरणाऱ्या चक्रापाशी येऊन अडकलं होतं.

"तापला परत," धाकटा पुटपुटला आणि फोन जरा गार व्हावा म्हणून त्याने त्याचं मागचं झाकण काढलं.

टिंग!

उपग्रह: चार. पाच. सात!

"लागलं! ताई, लागलं!" धाकटा नाचायलाच लागला. झाकण बसवून त्याने फोन ताईच्या हातात दिला. शून्य. त्याने झाकण काढलं. सात. बसवलं. शून्य.

ताईने ते झाकण त्याच्या हातातून घेतलं आणि उलटं केलं. आतून, वरपासून खालपर्यंत, चकचकीत धातूची पट्टी व्यवस्थित चिकटवलेली होती.

"हे काय आहे?"

"ते... तापत होता ना. उष्णता पसरावी म्हणून मी... छान पसरते त्याने."

"आणि उपग्रहांची अँटेना कुठे असते?"

"झाकणाखालीच." धाकट्याचा आवाज पार खाली गेला. "पण दुकानात ठिपका बरोबर आला होता ग!"

"दुकानात तुझं वायफाय आहे, मूर्खा! त्याच्यावरून कळलं त्याला!"

ती जे काही बोलली ते ऐकून काका आदबीने दहा पावलं पुढे जाऊन पाण्याकडे बघत उभे राहिले. आपलं काय चुकलंय ते धाकट्याला तिच्याहून जास्त कळत होतं.

झाकण सॅकमध्ये गेलं आणि उघडा फोन हातात धरून ते धावत सुटले. नऊशे मीटर! सहाशे! वाटेत एक घळ आडवी आली, काकांच्या दोराला लोंबकळत ते ती उतरले. तीनशे! बॅटरी अकरा टक्के. शंभर! चाळीस! आणि चाळीस मीटरवर काठ संपला.

कॅमेरा समोर दिसत होता. एका झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीला बांधलेला, त्याचा हिरवा पट्टा स्पष्ट दिसत होता. पण ते झाड आता पाण्यात उभं होतं. वरून ओढा जोरात येत होता, खालून फुगवटा त्याला रेटत होता, आणि मधे पाणी गरगरत होतं. पाणी कॅमेऱ्याच्या वीतभर खाली होतं.

"सकाळी आलो असतो तर चालत गेलो असतो," ताई म्हणाली. तिचा आवाज राग करण्याच्याही पलीकडे गेला होता.

धाकटा दोर कमरेला बांधायला लागला.

"काय करतोस?"

"आणतो."

"नको!"

तोवर तो पाण्यात होता! काकांनी झपकन दोर खोडाला गुंडाळला आणि पाय रोवले. ताईने फोन खडकावर ठेवून दोर धरला. धाकटा पोहत होता. प्रवाहाने त्याला खाली ओढलं. तो परत वर आला. आणखी चार हात! आणखी दोन!

"मॅडम, ओंडका!" काका ओरडले.

वरच्या वळणावरून एक अख्खं झाड मुळांसकट येत होतं. धाकट्याला ते दिसत नव्हतं. त्याचा हात पट्ट्याकडे ताणला होता. "दोनच हात राहिलेत! थांबा!"

"ओढा!" ताई किंचाळली.

तिने विचार केला नाही. सोमवार आठवला नाही, समिती आठवली नाही. दोघांनी जिवाच्या आकांताने दोर खेचला, तळहातांची सालं निघाली, आणि धाकटा शिव्या घालत, गटांगळ्या खात मागे आला. ओंडका तो होता तिथूनच गेला. धाड! कॅमेऱ्याचं झाड कलंडलं, हिरवा पट्टा एकदा वर आला आणि दिसेनासा झाला.

धाकटा काठावर पडून खोकत होता. "आलाच होता हातात! का ओढलंस?"

"बाबांना काय सांगू? चिकटपट्टी लावली म्हणून पोहायला गेला?" ताईने त्याला एक सणसणीत धपाटा घातला आणि मग त्याचं ओलं डोकं छातीशी धरून ती ओक्साबोक्शी रडली. दोन्ही गोष्टी तिने मनापासून केल्या.

"श्शू," काका म्हणाले.

त्यांचं बोट पलीकडे होतं. पाण्यात एक चपटं, मिशाळ डोकं सरळ रेषेत चाललं होतं. पाणमांजराची मादी! तिच्या तोंडात काहीतरी लोंबत होतं. ती वरच्या काठावर चढली, खडकाच्या फटीत शिरली आणि रिकाम्या तोंडाने परत फिरली.

"बिळात पाणी शिरलंय," काका कुजबुजले. "पिल्लं हलवतेय. एकेक करून."

ताईने फोनवर झडप घातली. कॅमेरा उघडला. उपग्रह सात, स्थान लागलेलं, बॅटरी पाच टक्के. मादी दुसरं पिल्लू घेऊन निघाली. ताईने बटण दाबलं.

'मेमरीत जागा शिल्लक नाही.'

तिच्या घशातून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. दुसरं पिल्लू फटीत गेलं. जुने फोटो पुसायला गेली तर गॅलरी उघडेचना.

"ॲप काढ!" धाकटा कुजबुजला. "नकाशे त्यातच साठलेत!"

दिवसभर ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते ॲप, आठही ठिपक्यांसकट, तिने एका बोटाने पुसलं. तीन टक्के. मादी परत बिळाकडे गेली होती. पाणी शांत होतं. दोनच पिल्लं असतील तर?

डोकं वर आलं! तोंडात तिसरं पिल्लू, मानेला धरलेलं, चिंब. ताईने श्वास धरला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा काळा झाला. फोन मेला होता.

संध्याकाळी काकांच्या चौकीत फोन भिंतीच्या सॉकेटला लावला. तिघेही ओल्या कपड्यांनी त्याच्यासमोर बसले. पडदा उजळायला चार मिनिटं, गॅलरी उघडायला सहा. काकांनीच बोट टेकवलं.

एक फोटो हललेला होता. दुसऱ्यात मादीचं डोकं, मिशा आणि तोंडातलं पिल्लू, अगदी त्याच्या मिटल्या डोळ्यांसकट. खाली दोन ओळींत अक्षांश आणि रेखांश.

काकांनी डोळे पुसले आणि धूर झालाय म्हणून सांगितलं, चूल तर पेटलेलीच नव्हती.

"ताई," धाकट्याने भीत भीत विचारलं, "फोटोची एक कॉपी काढून ठेवू का? चटकन होईल. केबल आहे माझ्याकडे."

ताईने फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"सोमवारपर्यंत," ती म्हणाली, "तू ह्याच्या चार हातांच्या आत यायचं नाहीस."